पाचवं चाक

पाचवं चाक फिरत नाही.
ते एक लोखंडी ताट आहे, ग्रीस फासलेलं,
पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे.
त्याच्या जबड्यात किंगपिन :
मनगटाएवढी खुंटी, जिच्यावर
आमचं अख्खं घर टेकलेलं.

अप्पांनी ते बांधलं अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये,
आठ माग विकून आलेल्या पैशांत,
दोन उन्हाळे आणि मधली दिवाळी खर्चून.
दोन पलंग, शेगडी, आरसा, मागे मोरी.
गल्लीतले विचारायचे, राजेशाम, चाकावर घर कशाला बे?
अप्पा म्हणायचे, चाळीस वर्षं माग एका जागी उभे होते.
मी पण.

सकाळी सहाला निघालो, गाडी माझ्या हातात.
बाळे मागे पडलं, केगाव मागे पडलं.
सत्तरला घर अंगाबरोबर चालत होतं.
ऐंशीला मी त्याला विसरले.
पंचाण्णवला, पाकणीच्या जवळ,
एक टँकर उजवीकडून पुढे सरकला;
त्याच्या वाऱ्यानं आधी आम्हाला ढकललं,
मग ओढलं.

आरशात घर डावीकडे गेलं.
मग उजवीकडे.
मग डावीकडे, पहिल्यापेक्षा हातभर जास्त.
धोटा असाच जातो, या पेटीतून त्या पेटीत.
पण धोट्याला पेटी असते.

माझा पाय ब्रेककडे निघालाच होता.
अप्पा घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी,
देवाशी काहीच नाही.
हळू म्हणाले : नेम्मदी, बिड्डा.
ब्रेक नको. पाय काढ नुसता.
स्टिअरिंग धर, त्याच्याशी भांडू नको.
आणि स्वतः हात लांबवून
डॅशबोर्डखालचा तो छोटा खटका सरकवला,
जो फक्त मागच्या घराची चाकं आवळतो.
कुणी पाठीमागून पदर धरावा
तसं झालं.
ताणा बसला.
घर सरळ.

मोहोळच्या अलीकडे एका टपरीशी थांबलो.
अप्पांनी चारी टायरवर तळवा ठेवून पाहिला,
हवा मोजली, जबडा पाहिला, खुंटी पाहिली.
कुठेच काही नव्हतं.
मग मोरीचं दार उघडलं.

पाणी.
टाकी गळ्यापर्यंत, दोन पिंपं, पाच घागरी,
आणि दुधाची किटली, तीही भरलेली.
आई म्हणाली, पाचव्या दिवशी नळ आला,
काल रात्री दोनला.
सोडून देऊ होय?

अप्पा खाली बसले, धुळीत बोटानं रेघ ओढली.
घर पाच मणाचं, तर एक मण तरी खुंटीवर पाहिजे.
तू सगळं शेपटीला बांधलंस.
शेपूट जड झालं की डोकं हलकं,
मग वारा सांगेल तिकडे.

मग ओतून टाका म्हणा की, आई म्हणाली.
सोलापुरात हे वाक्य धमकीसारखंच ऐकतात.

नाही ओतलं.
एकेक घागर बाहेरून फिरवून पुढे नेली,
पायऱ्या चढून, पुढच्या पलंगाच्या खोलीत,
बरोब्बर खुंटीच्या वर.
टाकी अर्धी केली, ते पाणी टपरीच्या बॅरलमध्ये;
टपरीवाल्यानं तीन चहाचे पैसे घेतले नाहीत,
वर पार्ले पुडा दिला.
पिंपांसाठी त्याचा पोरगा आला,
आणि विचारत राहिला, आत टीव्ही आहे का?

आता पंच्याहत्तर. यापुढे नाही, अप्पा म्हणाले,
आणि डोळे मिटले, जे त्यांनी
निघाल्यापासून मिटले नव्हते.

पुढचा टँकर आला. वारा आला.
घर खांद्याला खांदा लावून चालत राहिलं.
आई मागच्या सीटवरून म्हणाली,
गादी ओली झाली असणार.